दाजी नव्हते तेव्हा

डोळे मिटून बसणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. महापालिकेच्या शाळेत मी उभी हयात काढली, आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्यात घट्ट डोळे मिटणारं पोरच पुढच्याच्या दप्तराला काहीतरी बांधत असतं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. म्हणून माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दशरथ दाजी, डोळे मिटून कुठंतरी जाऊन आले आणि कुठं गेले होते ते त्यांनाही सांगता येईना, तेव्हा मला आधी रागच आला. भीती नंतर वाटली.

दाजी येरवड्याच्या मनोरुग्णालयात परिचर होते. लोक वॉर्डबॉय म्हणत, म्हणजे केस पिकून निवृत्त झाले तरी बॉयच. रुग्णांना आंघोळ घालायची, दाढ्या करायच्या, जेवायला बसवायचं, गोळ्या द्यायच्या आणि गोळी खरंच गिळली का ते तोंड उघडून बघायचं. ही शेवटची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली. घरात कोणाला तापाची गोळी दिली तरी समोर उभे राहून सांगणार, "आ कर. जीभ वर." माझी भाची मैत्री, आता खराडीला आयटीत आहे, लग्नाच्या आदल्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं तर मेंदीचे हात पसरून भर पाहुण्यांत तिला जीभ वर करून दाखवावी लागली. हिराआक्का, म्हणजे माझी बहीण, हसून हसून भिंतीला टेकली होती.

घर आमचं येरवड्यातच. खाली ती दोघं, वर मी एकटी. मैत्री तिच्या सासरी. आमच्याकडे धम्म आला तो छप्पन्न साली. दाजींचे वडील बाबुराव यांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले, अंगात येणाऱ्या आपल्या बहिणीला सांगितलं की यापुढं आलं तर बादलीभर पाणी ओतीन, आणि पोरांना शाळेत घातलं. आमचा धम्म तो हा. पंचशील, वंदना, शिक्षण, आणि कोणी चमत्कार सांगायला लागला की त्याला चार प्रश्न विचारायचे. माझ्या माहेरीही हेच, मी त्यातच वाढले आणि मला त्यात कधी काही कमी वाटलं नाही. समाधी, शून्यता हे शब्द पुस्तकात असतात हे ठाऊक होतं. पुस्तकात पुष्कळच असतं.

दाजी तर माझ्याहून पक्के. पौर्णिमेला विहारात वंदना तेच घेत, आवाज भारदस्त आणि उच्चार स्वच्छ. पण वंदना झाली की चटई गुंडाळून घरी. निवृत्तीनंतर मात्र त्यांना झोप लागेना. पहाटेच उठून सगळ्या खोल्यांतून फेरी मारायचे, कड्या तपासायचे, कात्री आणि सुऱ्या उचलून कपाटात ठेवायचे. आक्का सकाळी कांदा चिरायला सुरी शोधत बसायची. मग मैत्रीनं त्यांचं नाव एका ध्यानशिबिरात घातलं. दहा दिवस बोलायचं नाही, फोन नाही, वाचायचं नाही, श्वासाकडे आणि अंगातल्या संवेदनांकडे बघत बसायचं. मी म्हटलं, पुणेकराला दहा दिवस गप्प बसवायचं तर शिबिर लागणारच.

दाजी परत आले ते थोडे बारीक होऊन आले. झोप लागायला लागली, सुऱ्या जागेवर राहायला लागल्या. आक्का खूश. मीही म्हटलं, चला, औषधाला उपयोग झाला. मग एका संध्याकाळी ते वर माझ्याकडे आले, चहा पुढ्यात घेऊन बसले आणि चहावर साय धरली तरी प्यायले नाहीत. शेवटी म्हणाले, "शालू, तू शिकलेली आहेस. मला एक सांग."

त्यांनी जे सांगितलं ते असं. शिबिरात एका दुपारी ते श्वास बघत बसले होते. पाठ फार दुखत होती. मग पाठ दुखायची थांबली. मग पाठच नव्हती. मग विचार नव्हते. त्यांनी थांबवले नव्हते, ते येतच नव्हते. हे सगळं बघणारा एक कोणीतरी तेवढा उरला होता, आणि मग तोही गेला. घंटा वाजल्यावर ते परत आले. मधे किती वेळ गेला ते कळलं नाही, आणि मधे काय होतं म्हणावं तर काहीच नव्हतं.

मी म्हटलं, झोप लागली असेल.

"झोप मला कळते गं. जन्मभर रात्रपाळ्या केल्यात मी. ही झोप नव्हती. लख्ख होतं सगळं, फक्त मी नव्हतो."

मी विचारलं, बरं वाटलं का. त्यावर ते म्हणाले की वाटून घ्यायला तिथं कोणी नव्हतं, बरं वाटलं ते नंतर. आता अशा उत्तराला काय म्हणायचं? वर्गात एखाद्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पण त्यांचा प्रश्न पुढंच होता. त्यांना रावसाहेब आठवत होता.

रावसाहेब हा त्यांच्या वॉर्डातला जुना रुग्ण, मांजरी गावाकडचा. ऊसवाल्या घरातला चांगला धट्टाकट्टा माणूस एक दिवस बोलायचा थांबला आणि मग हलायचाही थांबला. आणून सोडला तेव्हा तिशीचा असेल. बसवला तिथं बसायचा. त्याचा हात उचलून वर धरला आणि सोडून दिला, तर तो हात तसाच वर राहायचा, कोणी खाली करेपर्यंत. इंजेक्शनं झाली, शॉक झाले, थोडं चालायला लागला, पण बोलला नाही. दाजी त्याला घास भरवायचे आणि भरवताना रोज विचारायचे, "काय रावसाहेब, घरात आहात का?" वॉर्डातले सगळे हसायचे. दाजी चेष्टा करत नव्हते, त्यांचा जीव होता त्याच्यावर. पण उत्तर कधी आलं नाही.

"त्याचे डोळे मी इतकी वर्षं बाहेरून बघितलेत," दाजी म्हणाले. "मी गेलो होतो ते तिथंच असेल तर? मग ही काय भानगड आहे, शालू? मला मोक्ष मिळाला का मला त्याचा रोग लागला?"

हसण्यासारखं होतं, पण मला हसू आलं नाही. पुढचे काही महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. दाजी शहाणे राहिलेत की हातचे चाललेत, एवढाच प्रश्न. आणि तो प्रश्न ज्यांना विचारावा ते सगळे वेगळं सांगत होते.

आधी त्यांनी शिबिरातल्या आचार्यांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले की अनुभव आला, गेला, तोही अनित्यच. पुन्हा यावा म्हणून बसू नका आणि येऊ नये म्हणूनही बसू नका, समतेनं बघत राहा. दाजींनी विचारलं, पण बघणाराच नव्हता तर बघू कोणी? आचार्य म्हणाले, काम करत राहा. दाजी फोन ठेवून मला म्हणाले की वॉर्डात मोठे डॉक्टर राउंडला आले की असंच लिहून जायचे, निरीक्षण चालू ठेवा.

मग विहाराचे अध्यक्ष सुदर्शन ओव्हाळ. निवृत्त वकील, वाचन दांडगं, आणि ते आपल्याला विसरू द्यायचे नाहीत असा स्वभाव. त्यांनी दाजींना बसवून घेतलं आणि सांगितलं की शून्यता म्हणजे जाऊन यायची जागा नव्हे. ती समजून घ्यायची गोष्ट आहे. कुठलीच वस्तू एकटी, आपल्यापुरती नसते, दुसऱ्यावर टेकूनच उभी असते, एवढाच तिचा अर्थ. तुम्हाला झालं ते पाठीच्या दुखण्यामुळं झालं असेल. आणि जाताना म्हणाले, "दशरथराव, हे विहारात बोलू नका. आज तुम्ही शून्य सांगाल, उद्या कोणीतरी तुमच्याकडे अंगारा मागायला येईल." मला ते पटलं. दाजींनाही पटलं, पण पटून त्यांचं काही सुटलं नाही.

मैत्रीनं तर सरळ डॉक्टरकडे नेलं. "बाबा, इट कॅन बी सीझर्स, फिट्ससारखं काही, आपण रूल आउट करू ना," असं म्हणत तिनं डोक्याला तारा लावून आलेख काढून आणला. आलेखात काही नव्हतं. म्हणजे तिथंही शून्यच निघालं, असं मी म्हटलं, पण कोणी हसलं नाही.

या सगळ्यात दाजी बसायचे थांबले नव्हते. सकाळ-संध्याकाळ हॉलमध्ये चटई टाकून बसायचे. ते रोज यायचं असं नाही, पण यायचं. पुढं पुढं न बसताही यायला लागलं. वाटाणे सोलता सोलता हात थांबायचा. आक्का हाक मारायची, ते वळून बघायचे आणि हसायचे, पण हसू जरा उशिरा पोचायचं. आक्काला त्या हसण्याची धास्ती बसली. ती मला म्हणाली, "इतकी वर्षं ते वॉर्डात जायचे, संध्याकाळी घरी यायचे. आता वॉर्डच घरी आणलाय की काय." तिनं त्यांना स्वच्छ सांगितलं, बसणं बंद करा. त्यावर ते म्हणाले, मी काही करतच नाही तर बंद काय करू?

बुद्धपौर्णिमेच्या आधी विहाराचा ॲम्प्लिफायर बिघडला. तो दुरुस्त करणारे दत्तोबा बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत बसतात. दाजी आणि मी मेट्रोनं गेलो, तपासणीवाल्यानं ॲम्प्लिफायरकडे अशा नजरेनं बघितलं की मला ओळखपत्र काढावं लागलं. दगडूशेठची गर्दी ओलांडून आम्ही त्या बोळात शिरलो. दत्तोबांचं दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि वर कुठल्याशा देवीची तसबीर. दत्तोबांच्या कपाळावर कुंकवाचा आडवा पट्टा. हे गृहस्थ तंत्रमार्गातले आहेत, नाथपंथी गुरूकडून दीक्षा घेतलेली आहे, अमावास्येला दुकान बंद ठेवून साधनेला बसतात, हे सगळ्या गल्लीला माहीत. मला वाटलं होतं टेबलाखालून लिंबं आणि टाचण्या निघतील. निघाला तो मल्टिमीटर.

दाजींनी त्यांना कसं काय सांगायला घेतलं ते मला कळलं नाही. कदाचित अनोळखी माणसाला सांगणं सोपं गेलं असेल. दत्तोबा ॲम्प्लिफायर उघडून ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "अंधार होता की उजेड?"

"दोन्ही नव्हतं," दाजी म्हणाले.

दत्तोबांनी हातातली सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवली आणि दाजींना हात जोडले. मला ते मुळीच आवडलं नाही. सुदर्शनरावांचा अंगारा मला समोर दिसायला लागला.

मग दत्तोबा बोलले. तुमचे सिद्ध आणि आमचे सिद्ध एकाच रानात बसलेले, भांडणं नंतरची, असं काहीसं म्हणाले. तुमच्यात शून्यता म्हणतात, आमच्यातही शून्यच म्हणतात. मनाच्या पलीकडं गेलं की ते लागतंच. पण आमच्यात तिथं मुक्काम करायचा नसतो. तिथं जो थांबला तो जड झाला, धोंड्यासारखा. शून्य जागं असलं पाहिजे. जागं असलं की त्यातूनच सगळं परत वर येतं, बायको, पोरं, हा बोळ, हा गोंगाट, आणि ते आधीपेक्षा जास्त आपलं वाटतं. आमच्या भाषेत ते मग शून्य राहत नाही, भरून जातं.

दाजी पुढं सरकले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली. त्यांनी विचारलं, "मग माझं जागं होतं का जड, ते ओळखायचं कसं?"

"आतून नाही ओळखता येत," दत्तोबा म्हणाले. "घरच्यांना विचारा."

पुढं ते असंही म्हणाले की दीक्षा घ्यायची तयारी असेल तर बीजमंत्र देववतो, त्यानं वाट सरळ होईल. दाजींनी सांगितलं की आमच्या बावीस प्रतिज्ञा आहेत, देवीचं काही चालणार नाही. दत्तोबा म्हणाले, "मग राहू द्या. ॲम्प्लिफायर झालाय."

घरी येऊन दाजींनी खरोखरच आक्काला विचारलं की मी तुला जवळ वाटतो का लांब. आक्का म्हणाली, "आधी कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते सांगा." त्यांना सांगता आलं नाही. भात खाली लागला होता.

यानंतरची गोष्ट मला सांगायला जड जाते. आक्काला मधुमेह आहे, सकाळी इन्सुलिन घेते. टोचायचं काम दाजींचं. टोचलं की लगेच तिनं खायचं, हा त्यांचाच नियम, आणि ती खाईपर्यंत ते समोर उभे राहायचे. त्या सकाळी त्यांनी इंजेक्शन दिलं, ती पोहे भिजवते म्हणाली, आणि ते हॉलमध्ये जाऊन चटईवर बसले. पोह्यांना कढीपत्ता नव्हता म्हणून ती दारातल्या झाडाचा काढायला गेली, तिथं शेजारीण भेटली, दोन शब्द झाले. आत येऊन फोडणी टाकेपर्यंत तिचे हात थरथरायला लागले. तिनं हाका मारल्या. अहो, अहो ऐकलं का. मग ओट्याला धरून ती खाली बसली आणि मग पडली. कढईचा झारा खाली आपटला तो मला वर ऐकू आला.

मी आले तेव्हा ती घामानं भिजली होती आणि काहीतरी असंबद्ध बोलत होती. गॅस चालू होता. मी तो बंद केला आणि डब्यातली साखर हातानंच तिच्या गालात भरली. ओट्यापासून हॉल दिसतो. मधे दार नाही, पडदासुद्धा नाही. दाजी चटईवर ताठ बसले होते, डोळे अर्धे मिटलेले. मी जाऊन त्यांना गदागदा हलवलं. त्यांनी डोळे उघडले, आणि तो चेहरा इतका निवांत होता की मला त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली.

पुढच्या क्षणी मात्र त्यांना आक्का दिसली आणि ते उठले. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंड उघडून साखर विरघळली का बघितलं, नाडी धरली, मला ग्लुकोजचं पाणी करायला लावलं. हात जराही कापले नाहीत त्यांचे. थोड्या वेळानं आक्का शुद्धीवर आली आणि आधी तिनं पदर सारखा केला.

तिनं त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. मैत्री रडत आली, वडिलांना नको नको ते बोलली, तर आक्कानंच तिला गप्प केलं. "त्यांना ऐकूच गेलं नाही, त्यांचा काय दोष? गाढ झोपलेल्या माणसावर कोणी रागावतं का?" असं म्हणाली. मला तिचा राग आला आणि तिची मायाही आली. पण घर त्या वाक्यावर उभं राहिलं. ऐकूच गेलं नाही. सगळ्यांनी ते धरून ठेवलं.

दाजींनी चटई गच्चीत नेऊन ठेवली आणि बसणं सोडलं. दोन-चार दिवस गेले. मग मी गच्चीत कपडे वाळत घालत होते तेव्हा येऊन उभे राहिले.

"शालू, मला ऐकू आलं होतं."

मी म्हटलं, काय?

"तिची हाक. सगळ्या हाका. झारा पडला तो पण. अगदी स्वच्छ. आवाज येत होता आणि जात होता. पण तो माझ्यासाठी होता असं नव्हतं. हाक होती, आणि ती ज्याला लागावी तो कोणी नव्हता."

 मी त्यांना नक्की काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण आवाज चढवून बोलले. एवढं आठवतं की शेवटी मी त्यांना बजावलं, हे आक्काला कधी सांगायचं नाही. तिनं माफ केलंय ते न ऐकणाऱ्या माणसाला. ऐकून बसून राहिलेल्या माणसाला ती कशी माफ करील? दाजींनी मान हलवली. त्यांचा चेहरा मात्र माझं पटल्याचा नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, रावसाहेबाला भेटायला जाऊ, तू चल. मी का गेले ते सांगता येत नाही. त्यांना एकट्यानं त्या फाटकातून आत जाऊ द्यायची माझी हिंमत झाली नाही, हेच खरं असावं.

वॉर्डाच्या इन्चार्ज दीपमाला सिस्टर दाजींच्या जुन्या ओळखीच्या होत्या, त्यांनी परवानगी काढून ठेवली होती. रावसाहेब बाहेर बाकावर उन्हात बसला होता. आता म्हातारा, डोक्यावर पांढरे खुंट, अंगात सदरा नीट घातलेला. सिस्टर म्हणाल्या, तब्येत बरी आहे, बाकी आहे तसंच आहे, भेटायला कोणी येत नाही. जेवणाची वेळ होती. दाजींनी ताटली घेतली आणि त्याच्या समोर बसून खिचडीचा घास केला. त्यानं तोंड उघडलं, घास घेतला, चावला. नजर दाजींच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी. दाजींनी या खेपेला घरात आहात का असं विचारलं नाही.

ते म्हणाले, "रावसाहेब, इंदुबाई यायच्या ना तुमच्याकडं, त्यांना मी येऊ नका म्हणालो होतो."

मला इंदुबाई कोण ते तेव्हा कळलं. रावसाहेबाची बायको. मांजरीहून दोन बस बदलून यायची, भाकरी आणि काहीतरी कोरड्यास घेऊन, आणि त्याच्याशी तासभर बोलत बसायची. विहिरीला पाणी किती आहे, कोणती गाय व्याली, थोरलीला कोणत्या गावचं स्थळ आलं. तो भिंतीकडे बघत बसलेला. दाजींना तिची कीव यायची. एक दिवस त्यांनी तिला समजावून सांगितलं की बाई, ह्यांना काही ऐकू जात नाही, तुम्ही उगाच जिवाचे हाल करता. तिनं दाजींकडे बघून विचारलं होतं, "खरंच न्हाय ऐकू जात?" आणि दाजी म्हणाले होते, नाही. त्यानंतर ती दोनदा आली असेल, मग आली नाही.

"मला तेव्हा ठाऊक नव्हतं," दाजी त्याला म्हणत होते. "मला वाटलं, बोलत नाही म्हणजे ऐकत नाही. तुम्ही सगळं ऐकत होता, हो ना? गाईचं, थोरलीचं, आणि मी त्यांना जायला सांगितलं ते पण."

रावसाहेबानं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते म्हाताऱ्या डोळ्यांत उन्हानं येतं तसंही असेल. दाजींनी घास भरवला, तोंड पुसलं, ताटली विसळून ठेवली. बाहेर येताना त्यांनी मला विचारलं, तुला काय वाटलं, ऐकत होता का तो? मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं, त्यासाठी मी नातेवाइकांत बदनाम आहे. त्या दिवशी मला काहीच मत नव्हतं.

रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "हिराला सांगतो मी."

मी म्हटलं, दाजी, कशाला? ती सुखात आहे.

"इंदुबाईला पण मी तिच्या सुखासाठीच सांगितलं होतं."

 घर येईपर्यंत मी रिक्षातून बाहेर बघत राहिले.

आक्का स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. दाजी तिच्यासमोर बसले. मी वर जायला हवं होतं, पण जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, त्या सकाळी मला तुझ्या हाका ऐकू आल्या होत्या, सगळ्या. ऐकू येत होतं आणि मी उठलो नाही. उठायचं नाही असं ठरवलं नव्हतं, उठणारा नव्हता, पण ऐकू आलं होतं हे खरं आहे.

आक्काचे हात थांबले. मला वाटलं आता ती काहीतरी फेकून मारील, आणि मारावं असंच मला वाटत होतं. तिनं विचारलं, "तिथं बरं वाटतं का तुम्हाला?"

"हो."

"मी हाका मारत होते तेव्हा पण?"

दाजींनी खोटं बोलावं म्हणून मी जिन्यात उभी राहून अक्षरशः मुठी आवळल्या.

"हो," दाजी म्हणाले. "तिथं कोणीच नव्हतं, हिरा. मी नव्हतो, तू नव्हतीस. कोणीच नव्हतं."

"मी होते," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढलासुद्धा नाही. "हितं ओट्याखाली पडले होते. मी होते."

दाजी काहीतरी बोलायला गेले. आचार्यांचं, सुदर्शनरावांचं, दत्तोबांचं, सगळं त्यांच्याजवळ होतं. ते तसेच पुढं सरकले आणि ती पडली होती तिथल्या फरशीवर हात टेकून रडायला लागले, आवाज करून, लहान मूल रडतं तसे. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, बाबुराव गेले तेव्हासुद्धा नाही. आक्कानं त्यांना गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि थोड्या वेळानं तिनं मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.